पाहुण्यांची अठ्ठ्याऐंशीवी भूमिका

त्यांना उभ्या आयुष्यात स्वतःची अशी एक मालिका मिळाली नाही. दुसऱ्याच्या मालिकेत एका भागापुरतं यायचं, कुणाचं तरी घर मोडायचं नाहीतर कुणाच्या तरी हातून मरायचं, आणि शेवटी नावांच्या यादीत सगळ्यात खाली ‘पाहुणे कलाकार’ म्हणून अर्धा सेकंद झळकायचं, एवढंच वाट्याला आलं. टीव्हीवर एकच चॅनल होतं तेव्हापासून ते डबडे टीव्ही भंगारात जाईपर्यंत अशा सत्त्याऐंशी भूमिका. त्या मालिकांच्या नायकांना आज कुत्रं ओळखत नाही. हे मात्र नऊ माणसांच्या डोक्यात घर करून बसले. ती नऊ माणसं त्यांना ‘पाहुणे’ म्हणत आणि दर रविवारी दुपारी चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत जमून त्यांचे जुने भाग बघत.

खोलीत नजर तपासायचा तक्ता होता, त्याच्यावरच पांढरा पडदा सोडायचा. अध्यक्ष चष्मेवाला, कारण खोली त्याची. टेपा केबलवाल्याच्या, कारण त्याने धंदा बुडाल्यावरही त्या फेकल्या नव्हत्या. आणि शेवटचा शब्द स्टेनोबाईंचा.

बाईंनी एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखन केलं होतं. साक्षीदार बोलायचा, वकील ओरडायचा, न्यायाधीश जांभई द्यायचे, आणि बाई खाली मान घालून लिहायच्या. एकतीस वर्षांत त्यांच्याकडे मान वळवून कुणी पाहिलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाहुण्यांच्या सत्त्याऐंशी भूमिकांचा शब्द न् शब्द पाच वह्यांत उतरवला. कुठे थांबले, कुठे आवंढा गिळला, कुठे वाक्य अर्धं सोडलं, सगळ्याला खूण. रविवारी कुणीतरी एक वाक्य फेकायचं, आणि आठही माना बाईंकडे वळायच्या.

“तेवीस,” बाई म्हणायच्या. “भाडेकरूंची मालिका. जप्तीचा कारकून.”

“बाईंच्या वहीत आहे म्हणजे दगडावरची रेघ,” चष्मेवाला म्हणायचा, आणि बाई चहाच्या कपात बघून हसू लपवायच्या.

खरंच बघण्यासारखं होतं ते. तेविसाव्या भूमिकेत एका कुटुंबाला घराबाहेर काढायचा कागद वाचून दाखवताना पाहुणे त्याच कुटुंबाने दिलेलं बिस्कीट खातात. वाचून झाल्यावर फायलीवर सांडलेला भुगा ओल्या बोटाने टिपतात आणि तोंडात टाकतात. एवढंच. पण त्या बोटाने आख्खा माणूस उभा राहतो: कोडगा, भुकेला, स्वतःही भाड्याच्या खोलीत राहणारा. एक्कावन्नाव्या भूमिकेत त्यांना संवादच नाही. मुलाचं प्रेत ओळखायला आलेला बाप. ते चेहऱ्याकडे बघतच नाहीत, शर्टाचं उघडं राहिलेलं एक बटण लावतात आणि मान हलवतात. हा तुकडा लागला की केबलवाल्यासारखा आडदांड माणूस उठून बाहेर जायचा. सिगारेट ओढायला, म्हणे. तो सिगारेट ओढत नव्हता.

म्हणजे या लोकांचं प्रेम खोटं नव्हतं. ते खोटं असतं तर या गोष्टीत कुणाचं काही बिघडलंच नसतं.

पाहुणे जिवंत आहेत हा शोध केबलवाल्याने लावला. गावाच्या कडेला वृद्धाश्रम होता, दुमजली, फिनेलच्या वासाचा. परदेशातला कुणी पुतण्या पैसे पाठवायचा. वय चौऱ्याऐंशी, चाकाची खुर्ची, डोकं कधी ठिकाणावर, कधी नाही. मंडळाने सत्त्याऐंशी भूमिकांची सत्त्याऐंशी छोटी छायाचित्रं एका चौकटीत बसवून घेतली आणि एका शनिवारी सकाळी सगळे नवे कपडे घालून निघाले.

खोली नंबर नऊ. पाहुणे खिडकीपाशी बसले होते. इतके बारीक झाले होते की सदऱ्यात फक्त हँगर आहे असं वाटावं. बाजूला मदतनीस उभा होता. मनगटं जाडजूड, आवाज लोण्यासारखा. “बाबा, बघा कोण आलंय. तुमची चाहते मंडळी,” तो म्हणाला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा जरासा आखडला. हे बाईंना दिसलं. दिसलं आणि त्यांनी ते बाजूला ठेवलं. एवढ्या वर्षांनी ज्या माणसाला समोर बघतोय, त्याच्या खांद्याकडे कोण बघत बसतं?

चौकट दिली. पाहुण्यांनी ती उलटी धरली. चष्मेवाल्याने भाषण केलं. केबलवाल्याने मोबाइल समोर धरून चित्रण सुरू केलं, इंटरनेटवर त्याचं स्वतःचं चॅनल होतं. मग नेहमीचा खेळ काढला.

“पाहुणे, ओळखा बघू,” चष्मेवाला म्हणाला. “‘तार तुमच्या नावाची आहे, पण बातमी माझ्या घरची आहे.’ पुढचं काय?”

पाहुणे गप्प. आणखी दोन वाक्यं टाकून पाहिली, गप्पच. मंडळी हिरमुसली. बाई कडेला वही उघडून बसल्या होत्या. पाहुण्यांची नजर फिरत फिरत त्यांच्या हातातल्या पेन्सिलीवर आली आणि तिथेच थांबली. मग ते बोलले. आवाज तोच, पडद्यावरचा, खर्जातला, एकही अक्षर न गाळणारा.

“मला इथून घेऊन जा. हा माणूस मला मारतो. दार लावून घेतो आणि मारतो. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.”

कुणाच्या तरी अंगावर काटा आला असेल. पण तो काटाही त्यांना ओळखीचा होता, दर रविवारी दुपारी येणारा. चष्मेवाल्याचे डोळे भरून आले.

“वा,” तो म्हणाला. “बाई, कुठली?”

आठ माना वळल्या. केबलवाल्याचा मोबाइलही वळला.

“अडतीस,” बाई म्हणाल्या. “तुरुंगातल्या डॉक्टरची मालिका. कैदी.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मदतनीसानेही टाळ्या वाजवल्या. “रोज काही ना काही ऐकवतात आम्हाला,” तो हसून म्हणाला, “आम्ही आपले बिनतिकिटाचे प्रेक्षक.” सगळे हसले.

पाहुण्यांनी त्या वाजणाऱ्या हातांकडे एकेक करून पाहिलं. मग जन्मभराची सवय, काय करणार. त्यांनी मान लववून टाळ्या स्वीकारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तिसरी वही काढली आणि अडतीस नंबर उघडला. कैदी डॉक्टरला म्हणतो: ‘मला बाहेर सोडू नका, डॉक्टर. बाहेर माझं कुणी नाही.’ पुढे अकरा वाक्यं. मारण्याचं नाव नाही. बाईंनी पहिल्या वहीपासून सुरुवात केली. जेवणाची वेळ टळून गेली.

“अगं, तो म्हातारा काही ताटात येऊन बसणार नाहीये,” ताई म्हणाली. ताई म्हणजे थोरली बहीण, तिचा नवरा गेल्यापासून दोघी एकत्रच राहायच्या. “गिळून घे आधी.”

“ताई, हे कुठेच नाही.”

“काय कुठे नाही?”

बाईंनी सांगितलं. ताई पदराला हात पुसत ऐकत राहिली. ताईला ना पाहुण्यांचं कौतुक होतं ना मालिकांचं, म्हणूनच तिला पहिल्या झटक्यात कळलं.

“म्हणजे तो खरं बोलला,” ती म्हणाली.

“असेल.”

“आणि तू नंबर सांगितलास?”

“सगळे माझ्याकडे बघत होते गं.”

“बघणारच. तेवढ्यासाठीच तर जातेस तू तिथे.”

घाव वर्मी बसला. बाईंनी कालची वही पुढे ओढली. त्यांचा हात तोंडाच्या आधी चालतो, कोर्टातली जुनी खोड. पाहुणे बोलत असताना हाताने ते चार वाक्यांचं बोलणं लिहून घेतलं होतं. नेहमी पाठ असलेलं वाक्य आलं की हात लिहीत नसे, नुसता नंबर टाकत असे. इथे नंबर नव्हता. ‘मारतो’नंतर थांबल्याची खूण होती. साक्ष लिहून घ्यावी तशी ती साक्ष लिहिलेली होती. हाताला माहीत होतं. म्हणजे बाईंनाही माहीत होतं.

त्यांनी चष्मेवाल्याला फोन लावला.

“अडतीसमध्ये नाही?” तो म्हणाला. “मग कशात आहे?”

“कशातच नाही. ते त्यांचं स्वतःचं बोलणं आहे.”

चष्मेवाल्याचा आवाज थरथरला, पण आनंदाने. “बाई, म्हणजे आपल्या यादीतून एक सुटलीय. अठ्ठ्याऐंशीवी! टीव्हीवाल्यांनी त्या काळी कितीतरी टेपा पुसून वर दुसरंच चित्रण केलं. त्यातलीच एखादी.”

“अहो, मी काय सांगतेय—”

“तुम्ही केबलवाल्याच्या चॅनलवर बघा आधी. आग लागलीय तिथे.”

दोन लाख लोकांनी ते चित्रण पाहिलं होतं. खाली लोक लिहीत होते. एकाने लिहिलं, ‘डोळ्यांत पाणी आलं, असे नट आता होणे नाही.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘हा भाग अडतीस नसून दुसऱ्या मालिकेतला आहे, मी लहानपणी पाहिलाय, शेवटी मुलगी येऊन त्याला घेऊन जाते.’ तिसऱ्याला ती मुलगी कोण होती तेही आठवत होतं. चौथ्याने शीर्षकगीताची ओळ दिली. जी मालिका कधी झालीच नाही ती शेकडो लोकांना आठवत होती, आणि एकाच्याही मनात आलं नाही की म्हातारा माणूस मार खातोय म्हणून सांगतो, तेव्हा तो कदाचित मार खात असेल. इतके रसिक लोक. या रसिकतेचं काय करायचं, जाळायची?

मंगळवारी दुपारी बाई एकट्याच वृद्धाश्रमात गेल्या. खोली नऊचं दार आतून लावलेलं होतं. दोनदा वाजवल्यावर मदतनीसाने उघडलं.

“येण्याआधी फोन करायचा असतो, बाई.”

“जवळून चालले होते.”

“पाच मिनिटं. बाबांची झोपायची वेळ आहे.” तो बाहेर गेला नाही. दाराशी भिंतीला टेकून उभा राहिला.

बाई खुर्चीसमोर वाकल्या. “मला ओळखलंत? मी शनिवारी आले होते. कसे आहात?”

पाहुण्यांनी आधी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, दाराकडे. मग त्यांच्याकडे. मग छान हसले.

“सगळं ठीक आहे, साहेब. मुलं आत झोपलीत. तुम्ही निघा, उगाच खोळंबू नका.”

“बघा,” मदतनीस म्हणाला. “तुम्हाला साहेब म्हणतायत.”

पण बाईंनी ते वाक्य ओळखलं. चौसष्ट. घरात दरोडेखोर शिरलेत. बाहेरून पोलीस दार वाजवतो. आजोबा दार वीतभर उघडतात आणि हेच बोलतात, कारण दाराआड उभ्या असलेल्या माणसाचा सुरा त्यांच्या बरगडीला लागलेला असतो. चेहऱ्यावर हसू, आणि चौकटीवर ठेवलेला अंगठा मात्र लाकडावर पुढेमागे, पुढेमागे घासला जातो. त्या अंगठ्यावर मंडळाने एक आख्खा रविवार खर्ची घातला होता. मालिकेतल्या पोलिसाला तो दिसत नाही. तो सलाम करून जातो, आणि पुढच्या दृश्यात तीन प्रेतं.

बाईंनी खुर्चीच्या हाताकडे पाहिलं. अंगठा घासत होता.

खरं बोलून पाहिलं होतं, त्याला टाळ्या मिळाल्या होत्या. म्हणून आता ते खोटं बोलत होते.

बाईंनी त्यांचा सदरा वर केला. विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ वर केला. बरगड्यांवर डाग होते. काही जांभळे, काही हिरवट, काही पिवळे पडून विरत चाललेले. कोर्टात डॉक्टरांच्या साक्षी लिहून लिहून बाईंना पाठ होतं: रंग वेगळे म्हणजे दिवस वेगळे. त्यांनी मोबाइल काढला.

“ओ बाई, काय चाललंय?” आवाजातलं लोणी गेलं. “पडतात ते. बाथरूममध्ये पडतात.”

“दोन्ही काखांखाली पडतात?”

“फोन द्या इकडे.”

चार फोटो निघाले. त्याने मनगट धरलं तेव्हा त्या ओरडल्या. बाई जन्मात ओरडल्या नव्हत्या, त्यामुळे तो आवाज कसला हे बघायला आख्ख्या मजल्यावरचे म्हातारे दारांत आले. त्यांच्यातून वाट काढत त्या खाली उतरल्या.

पोलीस चौकीत साहेबांनी फोटो पाहिले आणि बाईंना पाणी दिलं. लेखनिक हवालदाराने कागद लावला. तेवढ्यात आश्रमाचा मॅनेजर धापा टाकत आला. इस्त्रीचे कपडे, हातात फाइल. फायलीत डॉक्टरांची चिठ्ठी होती: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, जरा लागलं तरी काळंनिळं पडतं.

“आणि साहेब, ते नट आहेत,” मॅनेजर म्हणाला. “डोकं ठिकाणावर नाही. जुने डायलॉग बोलत बसतात. हे मी सांगत नाही, या बाईच सांगतात.” त्याने मोबाइल टेबलावर ठेवला.

मला इथून घेऊन जा, पाहुणे म्हणाले. हा माणूस मला मारतो. मग चष्मेवाल्याचा प्रश्न. मग बाईंचा आवाज, ठाम, जराही न अडखळता: अडतीस. तुरुंगातल्या डॉक्टरची मालिका. कैदी. मग टाळ्या.

साहेबांनी मोबाइल बंद केला. “हा आवाज तुमचा?”

“माझा.”

“मग शनिवारी तो डायलॉग होता आणि मंगळवारी तक्रार झाली, असं कसं?” त्यांचा सूर वाईट नव्हता. त्यांना काम कमी करायचं होतं, एवढंच. “तुम्ही यातल्या जाणकार आहात म्हणे. एवढ्या लोकांनी पाहिलंय. उद्या त्यांचा वकील हेच लावणार. हे असं असताना मी त्या माणसाला तिथून हलवू कुठल्या आधारावर?”

चौकीत तिघे होते आणि तिघेही बाईंकडे बघत होते.

“मी चुकले,” बाई म्हणाल्या. “लिहून घ्या.”

हवालदाराने लिहिलं आणि वाचून दाखवलं. “सदर प्रसंगी माझा गैरसमज झाल्याने...”

“गैरसमज नाही.”

“अहो बाई, तसंच लिहायची पद्धत असते.”

“पद्धत मला शिकवू नका. एकतीस वर्षं मी तेच लिहिलंय. गैरसमज कापा.” “लिहा. ते वाक्य कुठल्याही भूमिकेतलं नाही हे मला त्याच क्षणी माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मला माहीत नाही असं म्हणायला मला लाज वाटली. म्हणून मी खोटा नंबर सांगितला. माझ्यामुळे लोक हसले. तो माणूस खरं सांगत होता. मी खोटं बोलले. खोटं, असाच शब्द लिहा.”

मॅनेजर म्हणाला, “या तर स्वतःच कबूल करतायत की या खोट्या आहेत.”

“तुम्ही बाहेर बसा,” साहेब म्हणाले.

बाईंनी जबाब दोनदा वाचला, एक शब्द बदलायला लावला आणि सही केली. संध्याकाळ व्हायच्या आत पाहुण्यांना सरकारी दवाखान्यात हलवलं. तिथे कळलं की दोन बरगड्या मोडल्या होत्या, एक जुनी आणि एक नवी. नवी म्हणजे शनिवारनंतरची.

त्या ‘शनिवारनंतर’वर बाई रोज डोकं आपटत होत्या. सगळे गेल्यावर दार लागलं असणार. तू आमची नावं सांगतोस काय, टाळ्या घेतोस काय. टाळ्या वाजवणाऱ्यांत बाईंचे हात नव्हते, त्यांच्या हातात पेन्सिल होती. याचा काय उपयोग.

मदतनीसाला पकडलं, पंधरा दिवसांत जामीन मिळाला. मंडळाने बाईंशी बोलणं सोडलं. आश्रमाची बदनामी झाली म्हणून नाही. त्या जबाबात ‘लोक हसले’ असं लिहिलं होतं म्हणून. केबलवाल्याने चित्रण उतरवलं नाही. बाई स्वतः त्याच्या दारात गेल्या तेव्हा तो म्हणाला, “बाई, ते कसंही असलं तरी काय काम केलंय हो त्यांनी. एका टेकमध्ये.” तो एक्कावन्न नंबर लागला की उठून जाणारा माणूस होता. चष्मेवाल्याने यादी पूर्ण करून भिंतीवर लावली. शेवटची ओळ, अठ्ठ्याऐंशी: वृद्ध. मालिका: माहीत नाही.

पाहुणे दवाखान्यात एकोणीस दिवस होते. बाई रोज दहा वाजता जायच्या, ताईने दिलेला डबा घेऊन. ते डोळे उघडे ठेवून पडलेले असायचे. बोलायचे नाहीत. दुखतं का, काही नाही. पाणी हवं का, काही नाही. डॉक्टर म्हणाले, घशात दोष नाही, जिभेत नाही, बोलू शकतात. का बोलत नाहीत ते त्यांनाच ठाऊक.

सतराव्या दिवशी वॉर्डात नवीन नर्स आली. नाडी बघता बघता तिने चेहरा निरखला आणि एकदम खुलली.

“अय्या, तुम्ही टीव्हीवर यायचे ना? माझी आई वेडी होती तुमच्यासाठी. तुम्ही आलात की आम्हाला गप्प बसवायची.” ती बाईंकडे वळली. “तुम्ही यांच्या कोण?”

“मी डबा आणते,” बाई म्हणाल्या.

“आजोबा, एक डायलॉग म्हणा ना. एकच. आईला ऐकवते, फोनवर घेते.” तिने खिशातून मोबाइल काढला. पोरगी चांगली होती, हळुवार हाताची. सकाळीच तिने त्यांची चादर बदलली होती.

“नको,” बाई म्हणाल्या. “ठेवा तो.”

“एकच, मावशी. त्यांनाही बरं वाटेल.”

पाहुण्यांनी मोबाइलकडे पाहिलं. कडू औषध नको म्हणणारं मूल मिटतं तसे त्यांनी ओठ आवळून मिटले, पांढरे पडेपर्यंत, आणि भिंतीकडे कूस बदलण्याचा प्रयत्न केला. मोडक्या बरगड्यांनी ते जमेना. बाई उठल्या, पाठीखाली हात घातला आणि त्यांना भिंतीकडे वळवून दिलं.